दुर्ग आणि सुगम्यता

इब्न बतूता दिल्लीत येऊन पोहोचला तो १३३४ साली. महंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून राजधानी तेथे हलवली त्याला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. दिल्ली रिकामी करण्याची जी हकीकत त्याने आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे ती त्यामुळे ऐकीव आहे. तो सांगतो की, ओस पडलेल्या रस्त्यांतून सुलतानाच्या माणसांना दोघेजण सापडले, एक पांगळा आणि एक आंधळा. पांगळ्याला दगड फेकण्याच्या यंत्रातून भिरकावण्याचा हुकूम झाला. आंधळ्याला दिल्लीहून दौलताबादेपर्यंत, म्हणजे चाळीस दिवसांच्या वाटेवर, फरफटत नेण्याचा हुकूम झाला. वाटेत त्याच्या देहाचे तुकडे पडत गेले आणि दौलताबादेस पोहोचला तो फक्त त्याचा एक पाय.

ही हकीकत शब्दशः खरी धरू नये हे उघड आहे. बतूताने आपले प्रवास सांगून लिहून घेतले ते मायदेशी परतल्यावर, बऱ्याच वर्षांनी. आणि गोष्ट रंगवून सांगण्याचा मोह त्याला कधी आवरला असेल असे वाटत नाही. पण या स्थलांतराचा दुसरा एक साक्षीदार आहे. ‘फुतूह-उस-सलातीन’ रचणारा इसामी त्या वाटेवरून स्वतः चालून आला होता. त्याच्या नव्वदीतल्या आजोबांना घराबाहेर काढून चालते करण्यात आले, आणि पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला, ते गेले. इसामी पुढे दौलताबादेत राहिला आणि १३५० साली त्याने आपले काव्य पुरे केले. तुघलकावर त्याचा राग होता हे लक्षात घेऊनही, ज्यांना चालता येत नव्हते त्यांचे त्या वाटेवर काय झाले असेल याची कल्पना त्यावरून करता येते.

या पायाची आठवण आम्हां दोघांना पुन्हा झाली ती एका व्हिडिओ गेममुळे. आम्ही मराठीचे अध्यापक. संगणकावरचे खेळ हा आमचा प्रांत नव्हे. पण आमच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून, पाठीशी कोणतीही कंपनी नसताना दौलताबादच्या किल्ल्यावर एक खेळ रचला, आणि त्यातल्या पात्रांच्या तोंडची मराठी तपासून देण्यासाठी ते आमच्याकडे आले. काळ १६३३ चा. महाबतखानाचा वेढा पडलेला आहे. एका पोरसवद्या जासुदाला महाकोटातून निघून, खंदक ओलांडून, अंधारीतून वर बालेकिल्ल्यावर एक पत्र पोहोचवायचे आहे. त्या पोराने कोणती मराठी बोलावी यावर आमचे दोन महिने गेले. (एकनाथांनंतरची आणि रामदासांच्या आधीची, असे आम्ही म्हणालो, मुले हसली.) खेळ पुरा होत आला तेव्हा तो आमच्याच विभागातून एम. ए. झालेल्या, जन्मापासून न दिसणाऱ्या एका मुलाच्या हाती पडला. तासाभराने तो आम्हांला म्हणाला, “सर, तुमच्या अंधारीचं मला काहीच वाटलं नसतं. पण तिथवर पोहोचतोय कोण? मी पहिल्या पाटीवरच अडकलोय.”

पहिली पाटी म्हणजे खेळ सुरू करण्याची, आवाज कमीजास्त करण्याची यादी. ती सुंदर होती. जुन्या बाळबोध वळणाच्या अक्षरांत एका मुलाने ती हाताने रंगवली होती. पण संगणकाच्या लेखी ती अक्षरे नव्हतीच, ते चित्र होते; आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला चित्र वाचता येत नाही.

सरकारी मराठीत या प्रश्नाला ‘सुगम्यता’ असा शब्द आहे. ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले तेव्हापासून तो कार्यालयांच्या भिंतींवर दिसू लागला. शब्द कोरडा आहे, पण त्याच्या व्युत्पत्तीत एक गंमत आहे. ‘सुगम’ आणि ‘दुर्ग’ हे एकाच ‘गम्’ धातूचे. जेथे जाणे कठीण तो दुर्ग. किल्ल्याचे नावच मुळी त्याच्या अगम्यतेवरून पडले आहे. तेव्हा किल्ल्यावरचा खेळ सुगम्य करणे म्हणजे वदतोव्याघात नव्हे काय, अशी शंका आमच्यापैकी एकाने घेतली, आणि प्रस्तुत लेख त्या शंकेतून निघाला.

दौलताबाद ज्याने पाहिला आहे त्याला दुर्ग या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. यादव भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेल्या या राजधानीचा डोंगर सपाटीवर एकटा उभा आहे. त्याची खालची बाजू चहूकडून तासून सरळ भिंतीसारखी केलेली, पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक, बाहेर कोटामागून कोट. दरवाजे एका ओळीत येत नाहीत; प्रत्येक दारापाशी वाट मोडते, म्हणजे हत्तीला धाव घेता येऊ नये. आणि खंदकापलीकडे अंधारी. खडक पोखरून काढलेला, वळणे घेत चढणारा बोगदा, पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या. एका ठिकाणी उजेडाची तिरीप दिसते आणि तिकडे धावणारा खाली खंदकात कोसळतो. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, त्यावर जाळ करून बोगदा धुराने भरून टाकायचा. वाटाडे उकळत्या तेलाच्याही गोष्टी सांगतात. बतूताने हा किल्ला पाहिला तेव्हा वर जायला कातड्याची शिडी होती आणि ती रात्री ओढून घेत.

अंधारी रचणाऱ्याचा विचार नीट पाहिला तर तो असा दिसतो: येणाऱ्याचे डोळे काढून घ्यायचे. ज्याचा सारा भरवसा नजरेवर आहे तो येथे गारद होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सहलीत वाटाड्याने गंमत म्हणून मधोमध मशाल विझवली होती. आम्ही तीस-पस्तीस माणसे जागच्या जागी खिळलो, कोणी ओरडले, वटवाघळांच्या वासाने जीव घुसमटला. वर सांगितलेला मुलगा तेव्हा प्रथम वर्षाला होता. तो चालत राहिला. पुढून त्याचा आवाज आला की, इथे तीन पायऱ्या उंच आहेत, मग डावीकडे वळा, उजवीकडची भिंत संपते तिकडे जाऊ नका, खालून वारा येतो आहे. यादवांच्या स्थपतीने शत्रूसाठी केलेली सारी योजना त्याच्यापुढे निकामी होती. मात्र त्याच दिवशी परत निघताना वाहनतळावर, आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्यांत, त्याला हात धरून न्यावे लागले.

आमच्या शंकेचे अर्धे उत्तर या प्रसंगात होते. ते आमच्या लक्षात यायला एवढी वर्षे लागली. रचणाऱ्याने हेतुपुरस्सर ठेवलेली अडचण निराळी, आणि त्याच्या ध्यानीमनी नसताना पडलेली अडचण निराळी. अंधारी ही पहिल्या जातीची. रंगवलेल्या अक्षरांची पाटी दुसऱ्या जातीची. पहिली काढून टाकली तर खेळ उरत नाही. दुसरी काढली तर खेळाचे काहीच जात नाही.

इतिहासाकडे पाहिले तर दौलताबादच्या बाबतीत पहिल्या जातीच्या अडचणीवरही फार विसंबता येत नाही असे दिसते. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजीने रामदेवरावाला नमवले ते अंधारी पार करून नव्हे. किल्ल्यावर नेलेली पोती धान्याची म्हणून नेली, ती निघाली मिठाची, असे फिरिश्ता सांगतो. १६३३ साली महाबतखानाने सुरुंग लावून अंबरकोट आणि महाकोट फोडले, आत उपासमार आणि रोगराई झाली, आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने मोठी रक्कम घेऊन किल्ला हवाली केला. अंधारीची परीक्षा व्हायची वेळ दोन्ही वेळा आलीच नाही. मुलांनी त्या बोगद्यात आपल्या जासुदाला घातले तेव्हा जे इतिहासात घडले नाही ते त्यांनी खेळात घडवले, आणि आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही.

अंधार आणि गुहा यांचा संगणकावरच्या खेळांशी संबंध अगदी जुना आहे. विल क्राउथर हा अमेरिकन प्रोग्रामर हौशी गुहाशोधक होता. केंटकीतील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेचे नकाशे करण्यात त्याचा हात होता. १९७० च्या दशकाच्या मध्याला त्याने आपल्या लहान मुलींसाठी त्या गुहेचा एक खेळ लिहिला. ‘लिहिला’ हेच क्रियापद येथे योग्य, कारण त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर वाक्ये येत, खेळणारा उत्तरादाखल दोन शब्द टंकित करी, आणि दिव्याशिवाय पुढे गेला तर खड्ड्यात पडे. १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला आणि ‘कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने तो जगभर गेला. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, या खेळाची सामग्री केवळ भाषा होती. पुढे पडदा वाचून दाखवणारी यंत्रे आली तेव्हा न दिसणारा माणूस हा खेळ दिसणाऱ्याच्या बरोबरीने खेळू शकला. त्यासाठी खेळात काही बदलावे लागले नाही.

नंतर चित्रे आली आणि हे दार लागले. कोणी मुद्दाम लावले नाही. खेळ अधिकाधिक देखणे होत गेले आणि देखणेपणाच्या ओघात वाक्ये गळून पडली. आज सुगम्यतेच्या नावाने जे ‘जोडले’ जाते त्याचा बराच भाग म्हणजे त्या गळून पडलेल्या भाषेला परत जागा देणे होय. साहित्याच्या अध्यापकांनी या विषयात नाक खुपसण्याचे आमचे समर्थन एवढेच. २००६ साली मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघा न दिसणाऱ्या ऑस्ट्रेलियन तरुणांनी पडदा वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही प्रणाली सुरू केली आणि ती सर्वांना फुकट दिली. ती मराठीही वाचते. आवाज यांत्रिक आहे, जोडाक्षरांशी अधूनमधून झटापट करते, पण वाचते. अट एकच, अक्षर हे अक्षर म्हणून लिहिलेले असावे.

मग खेळ सोपा होऊन बसणार नाही काय, हा दुसरा आक्षेप. तो मुलांपैकीच एकाने घेतला, आणि तो हलका नाही. २०१८ साली आलेल्या ‘सेलेस्ट’ या कॅनडातील लहान चमूच्या खेळात एक मुलगी डोंगर चढते आणि शेकडो वेळा पडते; कठीण असणे हाच त्या खेळाचा प्राण. तरीही करणाऱ्यांनी त्यात अशी सोय ठेवली की, ज्याचे हात चपळ नाहीत त्याने खेळाची गती कमी करावी, दम न संपणारा करून घ्यावा, अगदी मरणही टाळावे. घडणीच्या काळात या सोयीचे नाव त्यांनी लबाडीवरून ठेवले होते. ते बदलून साहाय्यावरून ठेवले. नाव बदलण्याने एकही ओळ बदलली नाही, फक्त ती सोय वापरणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

आम्हांला स्वतःला अधिक पटलेले उदाहरण मात्र जुन्या खेळातले आहे. बुद्धिबळात हात लावलेली सोंगटी खेळलीच पाहिजे असा दंडक आहे. न दिसणाऱ्या खेळाडूला तर पट पाहायचा म्हणजे हात लावूनच पाहायचा. हा दंडक जशाचा तसा ठेवला तर तो पटावर बसूच शकत नाही. तेव्हा त्याच्यासाठी निराळा पट झाला: प्रत्येक घरात भोक, प्रत्येक सोंगटीखाली खुंटी, काळी घरे किंचित उंच, काळ्या सोंगट्यांवर बोटाला कळेल अशी खूण. आणि नियम असा केला की, सोंगटी भोकातून उचलली म्हणजेच तिला हात लागला असे धरायचे. खेळी तोंडाने पुकारायची. चौसष्ट घरांतले डावपेच होते तेवढेच अवघड राहिले. महाराष्ट्रात हा खेळ संघटित करण्यात चारुदत्त जाधव यांचे नाव सर्वांत पुढे आहे. लहानपणी दृष्टी गेलेल्या या बुद्धिबळपटूने अंधांसाठी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ उभा केला आणि संगणकावर बोलून खेळता येईल अशी ‘टॉक ६४’ ही प्रणाली केली. नोकरीतही त्यांचे काम सुगम्यतेचेच, टीसीएससारख्या कंपनीत. ज्याला अडले त्यानेच दार केले, असा हा नमुना आहे, एनव्हीडीएचाही तोच.

पुण्यातील नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला, त्याचा येथे उल्लेख करायला हवा. त्यातले महाल आणि तटबंद्या राजस्थानची आठवण करून देतात. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी संपूर्ण हिंदी संवाद घातले. भाषा हीसुद्धा एक पायरीच आहे आणि ती किती जणांना उंच पडते हे आम्ही वर्गात रोज पाहतो.

आमच्या मुलांच्या खेळात पाटीची अक्षरे खरी अक्षरे झाली, रंगवलेले वळण मागे चित्र म्हणून राहिले. लाल आणि हिरव्या मशालींचा फरक ज्यांना रंग वेगळे दिसत नाहीत त्यांना कळेना, म्हणून एकीवर चंद्रकोर आणि दुसरीवर सूर्य आला. कळा कोणत्या बोटाने दाबायच्या हे खेळणाऱ्याच्या मर्जीवर सोडले. हे सगळे पंधरवड्यात झाले. अडून बसली ती अंधारी, आणि तेथे काम आमच्याकडे आले.

न दिसणाऱ्यासाठी अंधारी आवाजाची करायची होती. मोकळ्या बाजूला पावलांचा घुमारा लांब, भिंतीच्या बाजूला आखूड. पाणी ठिबकते ते डाव्या कानात. खंदकाच्या तोंडाशी वारा. पूर्वी खाईत पडायचे ते उजेडाच्या तिरिपीने फसून, आता कोणत्या आवाजाने फसावे, यावर पुष्कळ खल झाला. शेवटी वरून कोणीतरी दबक्या आवाजात हाक मारते असे ठरले, आणि ती सूचना त्या मुलाचीच. “मला रस्त्यात असंच फसवतात,” तो म्हणाला.

आवाज बसले आणि लगेच उलटा प्रश्न उभा राहिला. ज्याला ऐकू येत नाही त्याने काय करावे? प्रत्येक आवाजाची ओळ पडद्याखाली लिहून द्यायची होती. मराठीच्या अध्यापकांना याहून सुखाचे काम कोणते? फडफड, सळसळ, खणखण, ठिबठिब, धप्प. आम्ही उत्साहाने दोन पाने भरली. कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या एका परिचित बाईंना ती दाखवली. त्यांनी शांतपणे विचारले, “ज्यानं कधी आवाजच ऐकला नाही, त्याला ‘सळसळ’ म्हणजे काय?” आम्ही निरुत्तर झालो. आपल्या भाषेची ही सारी श्रीमंती कानाच्या भांडवलावर उभी आहे हे आम्ही वीस वर्षे ध्वनिविचार शिकवूनही कधी लक्षात घेतले नव्हते. ती दोन पाने टाकली. नव्या ओळी अशा: ‘वटवाघूळ डोक्यावरून मागे गेले.’ ‘डावीकडे, जवळ, पाणी ठिबकते आहे.’ ‘वरून कोणी तुझे नाव घेते आहे.’ कोण, कोठे, किती दूर, कोणत्या दिशेने. रुक्ष वाक्ये आहेत. पण खेळताना ती वाचली तेव्हा अंधारीची भीती त्यांत आधीपेक्षा जास्त आहे असे आम्हांला वाटले. एक-दोन ठिकाणी ‘सळसळ’ आम्ही हट्टाने ठेवली आहे; ऐकून नंतर बहिरे झालेलेही असतात.

हे करताना दौलताबादच्याच दुसऱ्या एका रहिवाशाची आठवण वारंवार होत होती. पैठणचा एकनाथ लहान वयात घर सोडून आला तो या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे. स्वामी येथले किल्लेदार. हिशेबातली एका पैची चूक रात्र जागून शोधल्याची कथा याच जागेची. त्या एकनाथांनी पुढे भारुडे लिहिली आणि त्यांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी सोंगे आणली. भारुडातला आंधळा हा अर्थात डोळ्यांनी आंधळा नव्हे. तो विवेकहीन जीव आहे. अपंगत्व तेथे रूपक आहे. हे आम्ही वर्गात फळ्यावर लिहून देत आलो आहोत. ज्या वर्षी तो मुलगा समोरच्या बाकावर बसला होता त्या वर्षीही तसेच शिकवले. त्याने तेव्हा काही विचारले नाही. आता या कामाच्या निमित्ताने विचारले की, सोंग काढणारा डोळे मिटून घेत असेल आणि लोक हसत असतील, त्या गर्दीत खरा आंधळा बसलेला असला तर तो कशाला हसत असेल? एकनाथांच्या करुणेविषयी शंका घ्यावी असे यात काही नाही. परंतु मराठी काव्यात उपमान म्हणून आंधळा फार, आणि श्रोता म्हणून फार थोडा, हे त्या प्रश्नाने आमच्या पदरात घातले. टीकाशास्त्रात याला काय म्हणावे आम्हांला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी भारुड शिकवताना काय करायचे हेही अजून ठरलेले नाही.

राहता राहिला तो पाय. खेळाच्या आरंभी मुलांनी एक छोटे चलच्चित्र घातले होते. तुघलकाचा काळ, धुळीचा रस्ता, घोड्याच्या मागे दोर, आणि शेवटी किल्ल्याच्या दाराशी येऊन पडलेला पाय. मग अक्षरे उमटत: दौलताबाद. चित्र प्रभावी होते यात संशय नाही. आमच्यापैकी एकाला ते काढून टाकावे असे वाटत होते, दुसऱ्याला इतिहास म्हणून ठेवावे असे. त्यावरून आम्ही दोघे आठ दिवस नीट बोललो नाही. अखेर हा भाग त्या मुलाला कसा ‘दाखवायचा’ हे ठरवायची वेळ आली, कारण चित्राचे वर्णन लिहून ते वाचून दाखवायचे होते. आमच्यातल्या ठेवा म्हणणाऱ्यानेच ते लिहायला घेतले आणि तिसऱ्या वाक्यावर तो थांबला.

मुलाला आम्ही सारी हकीकत सांगितली, बतूताचे नाव घेऊन. त्याने ती ऐकून घेतली. काढू नका, म्हणाला. पण चित्र घोड्यावरून दिसते तसे आहे, ते त्या माणसाकडून करा. चाळीस दिवसांची वाट होती; निदान पहिले काही दिवस तरी त्याला ऐकू येत असेल की.

तेव्हा तो भाग आता काळ्या पडद्यावर आहे आणि तो लिहिण्याचे काम आमच्या गळ्यात पडले आहे. बतूतानेच एक मदत करून ठेवली आहे. दिल्ली-दौलताबाद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळुंजाची आणि इतर झाडे अशी दाट होती की बागेतून चालल्यासारखे वाटे, आणि प्रत्येक मैलात डाकेची तीन ठाणी होती, असे तो म्हणतो. म्हणजे पाने होती, पाखरे असणार, आणि दर थोड्या अंतरावर माणसांचे बोलणे होते. बोली बदलत गेली असणार. ब्रज, मग माळव्याची, मग नर्मदेअलीकडे येता येता मराठीची एखादी ओळ. तो तेथवर जिवंत होता की नाही ते बतूता सांगत नाही. आमचे लिहिणे सध्या चंबळेपर्यंत आले आहे.